केस पेपरपासून कोडपर्यंत: आयसीडी कोडिंग शिकणाऱ्यांसाठी

एकच रुग्ण, एकच आजार. एक डॉक्टर डिस्चार्ज समरीवर 'न्यूमोनिया' लिहितात, दुसरे 'श्वसनमार्गाच्या खालच्या भागाचा तीव्र संसर्ग' लिहितात, तिसरे 'ताप, धाप' एवढ्यावरच थांबतात. आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांना कोड देणाऱ्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत, पहिल्या नोंदीला जे१८.९ मिळतो, दुसरीला जे२२ आणि तिसरीला आर५०.९ व आर०६.०. आजार बदलला नाही, पण मोजणीत तो तीन वेगळ्या रकान्यांत जाऊन बसला. कोडिंग शिकायला बसणाऱ्याने ही गोष्ट सगळ्यात आधी डोक्यात पक्की करावी: कोड नोंदीतल्या शब्दांवर बसतो. नोंद मोघम असेल तर जगातला सर्वांत हुशार कोडरही नेमका कोड देऊ शकत नाही, आणि त्याने देऊही नये.

मेडिकल रेकॉर्ड विभागात नव्याने आलेले, इंटर्न, परिचारिका आणि ज्यांच्या नोंदींवर हे सगळं उभं असतं ते तरुण डॉक्टर, अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे. कोडमधली अक्षरं मुळात रोमन असतात. इथे ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. सिस्टीममध्ये अर्थातच रोमनच टाकायची.

थोडी ओळख

आयसीडी हे जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण. सुरुवातीला ही फक्त मृत्यूच्या कारणांची यादी होती. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियों यांनी ती १८९३ मध्ये मांडली. १९४८ ची सहावी आवृत्ती जागतिक आरोग्य संघटनेने काढली आणि तेव्हापासून मृत्यूंबरोबर आजारपणंही यादीत आली. दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली, अकरावी २०१९ मध्ये; अकरावी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. रोजचं काम मात्र अनेक ठिकाणी अजून दहावीवरच चालतं, म्हणून इथे भर दहावीवर आहे.

एकदा दिलेला कोड फार लांब जातो. विम्याचा दावा त्यावर ठरतो, साथीवर लक्ष ठेवणारे त्यावर नजर ठेवतात, संशोधक त्यावरून रुग्ण निवडतात, पुढच्या वर्षी कुठल्या विभागाला किती खाटा लागतील याचा अंदाज त्यावरून बांधला जातो. यातल्या कुणीही तुमची मूळ फाइल उघडून बघणार नसतं.

आधी कोड वाचायला शिका

दहाव्या आवृत्तीतला कोड एका अक्षराने सुरू होतो, मग दोन अंक, मग टिंब आणि बहुतेक वेळा आणखी एक अंक. एकूण २२ प्रकरणं आहेत. जे म्हणजे श्वसनसंस्था, के म्हणजे पचनसंस्था, आय म्हणजे रक्ताभिसरण. इथवर सोपं आहे. नवखा माणूस अडखळतो तो पुढे, कारण सगळी प्रकरणं अवयवांप्रमाणे लावलेली नाहीत. ए आणि बी मध्ये संसर्गजन्य आजार आहेत, सी मध्ये आणि डी च्या पहिल्या भागात गाठी व कर्करोग, ओ मध्ये गरोदरपण व बाळंतपण, पी मध्ये जन्माच्या आगेमागे बाळाला होणारे त्रास, एस आणि टी मध्ये इजा. त्यामुळे फुप्फुसाचा क्षयरोग जे मध्ये शोधून सापडणार नाही. तो ए१५-ए१६ मध्ये आहे. गरोदर स्त्रीचा मधुमेह ई मध्ये नाही, ओ२४ मध्ये आहे. अवयवांच्या प्रकरणांपेक्षा या विशेष प्रकरणांचा हक्क आधी असतो.

आर हे लक्षणांचं प्रकरण. निदान झालंच नसेल तेव्हा त्याकडे वळायचं. झेड मध्ये आजार नसतानाही आरोग्यसेवेशी संबंध आल्याची कारणं असतात: लसीकरण, तपासणी, पूर्वीच्या आजाराचा इतिहास.

टिंबानंतरच्या आठ आणि नऊ या अंकांत नवशिक्यांची हमखास गल्लत होते. साधारणपणे .८ म्हणजे 'डॉक्टरांनी प्रकार सांगितला आहे, पण त्याला यादीत स्वतंत्र जागा नाही'; .९ म्हणजे 'प्रकार सांगितलेलाच नाही'. पहिल्यात माहिती आहे, दुसऱ्यात ती गहाळ आहे. एखाद्या विभागाच्या कोडमध्ये नऊचा सुळसुळाट दिसला तर कोडरला बोल लावण्याआधी त्या विभागाच्या नोंदी वाचून बघाव्यात.

कामाला लागण्याआधी एक चौकशी

तुमच्या संस्थेत नेमकी कुठली आवृत्ती आणि कुठले नियम चालतात, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. आयसीडी-१० चे देशोदेशी वेगळे अवतार आहेत. अमेरिकेत आयसीडी-१०-सीएम चालतं, ऑस्ट्रेलियाचं एएम, कॅनडाचं सीए, जर्मनीचं जीएम. नियमही बदलतात. 'संशयित' निदानाचंच बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमाप्रमाणे उपचार संपेपर्यंत निदान 'संशयित'च राहिलं आणि आणखी काही माहिती नसेल, तर ते निश्चित असल्यासारखं कोड करायचं. अमेरिकेत बाह्यरुग्ण विभागात मात्र संशयित निदानाला कोड देता येत नाही. तिथे लक्षणच कोड करावं लागतं. इंटरनेटवर सापडलेला एखादा व्हिडिओ कुठल्या नियमांबद्दल बोलतोय हे कळल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

एक फाइल, शेवटपर्यंत

आता एक नमुन्याची फाइल घेऊ. रुग्ण ६८ वर्षांच्या बाई. डिस्चार्ज समरीवर असं लिहिलंय:

'ताप, खोकला, धाप. न्यूमोनिया. टाइप २ मधुमेह, डायबेटिक नेफ्रोपथी. उच्च रक्तदाब. दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक. टीबीची शंका होती, तपासणीत टीबी नाही.'

आत लॅबचा कागद आहे: थुंकीच्या कल्चरमध्ये क्लेब्सिएला न्यूमोनिए हा जिवाणू.

पहिली पायरी: सगळी फाइल वाचा. फक्त समरी वाचून कोड द्यायची सवय लागली की ती सुटत नाही. भरतीच्या वेळची नोंद, रोजच्या नोंदी, शस्त्रक्रियेचा कागद, पॅथॉलॉजी, एक्स-रे, औषधांचा तक्ता, सगळं नजरेखालून गेलं पाहिजे. औषधांच्या तक्त्यात थायरॉइडची गोळी आहे आणि निदानात थायरॉइडचं नावही नाही, असं सर्रास दिसतं. तिथे कोड द्यायचा नाही. खूण करून ठेवायची आणि विचारायचं.

दुसरी पायरी: मुख्य निदान ठरवा. व्याख्या साधी आहे: उपचारांच्या या फेरीच्या शेवटी निश्चित झालेली आणि रुग्णाला उपचारांची किंवा तपासण्यांची गरज मुख्यतः जिच्यामुळे पडली ती अवस्था. समरीत पहिल्या ओळीवर काय लिहिलंय याचा इथे काही संबंध नाही. सर्वांत गंभीर आजारही आपोआप मुख्य ठरत नाही. या बाईंना हृदयविकार आहे, मूत्रपिंडाचा त्रास आहे, पण यावेळी त्या आल्या आणि राहिल्या न्यूमोनियामुळे. मुख्य निदान न्यूमोनिया.

तिसरी पायरी: इंडेक्समध्ये, म्हणजे आजारांच्या नावांच्या अक्षरक्रमाने लावलेल्या सूचीत, शोधा. शोधताना अवयवाच्या नावाने शोधू नका, विकाराच्या नावाने शोधा. मांडीच्या हाडाच्या मानेचं फ्रॅक्चर 'फ्रॅक्चर' या शब्दाखाली सापडतं, 'फीमर'खाली नाही. इथे 'न्यूमोनिया' उघडला की जे१८.९ समोर येतो आणि त्याच्याखाली आत सरकवलेल्या ओळींची लांब रांग असते: विषाणूमुळे, अमुक जिवाणूमुळे, अन्न श्वासनलिकेत गेल्यामुळे. पहिल्या ओळीवर थांबणारा माणूस आयुष्यभर जे१८.९ देत राहतो. रांगेत खाली उतरलं की क्लेब्सिएलासाठी जे१५.० आहे.

चौथी पायरी: टॅब्युलर लिस्टमध्ये, म्हणजे कोडच्या क्रमाने लावलेल्या मुख्य यादीत, जाऊन खात्री करा. इंडेक्समधून थेट कोड उचलणं हा या कामातला सर्वांत महागात पडणारा आळस आहे. टॅब्युलर लिस्टमध्ये त्या कोडखाली 'यात समाविष्ट' आणि 'यात नाही' अशा टिपा असतात. जे१८ खालच्या टिपा सांगतात की अन्न वा द्रव फुप्फुसात गेल्याने झालेला न्यूमोनिया इथला नाही आणि नवजात बाळाचा जन्मजात न्यूमोनियाही इथला नाही. टीप फक्त त्या कोडखालीच असेल असंही नाही. ती गटाच्या किंवा प्रकरणाच्या सुरुवातीला असू शकते. वर जाऊन बघायचं.

पाचवी पायरी: बाकीचं काय कोड करायचं, काय सोडायचं. ताप, खोकला आणि धाप ही न्यूमोनियाचीच लक्षणं, त्यांना वेगळा कोड नाही. टीबीची शंका तपासणीत फेटाळली गेली आणि लक्षणांचं कारण दुसरं सापडलं, म्हणून तिलाही कोड नाही. झेड०३ हा शंकेनंतर निरीक्षणाचा कोड आहे. तपासून काहीच निघालं नाही तेव्हा तो उपयोगी पडतो. डायबेटिक नेफ्रोपथीला दोन कोड लागतात: ई११.२ आणि एन०८.३. पहिल्यापुढे क्रॉसचं चिन्ह †, दुसऱ्यापुढे तारा *. क्रॉसचा कोड मूळ आजार सांगतो, ताऱ्याचा कोड तो कुठे प्रकट झाला ते सांगतो, आणि ताऱ्याचा कोड एकटा कधीच द्यायचा नसतो. क्षयरोगाच्या मेंदुज्वराची जोडी अशीच: ए१७.० † आणि जी०१ *. उच्च रक्तदाबाला आय१०.

दोन वर्षांपूर्वीच्या हार्ट अटॅकपाशी खूप जण घसरतात. 'हार्ट अटॅक' शब्द दिसला की हात आय२१ कडे जातो. पण आय२१ ताज्या अटॅकसाठी आहे, चार आठवड्यांच्या आतल्या. जुन्यासाठी आय२५.२ आहे. ही एक चूक शेकडो फायलींत झाली की त्या रुग्णालयात हार्ट अटॅकची लाट आल्याचं चित्र उभं राहतं आणि खरे अटॅकचे रुग्ण त्यात हरवून जातात.

सहावी पायरी: अडलं तर विचारा. कल्चरमध्ये क्लेब्सिएला आहे, पण डॉक्टरांनी न्यूमोनियाचं कारण म्हणून त्याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून आता जे१५.० द्यायचा का? नाही. थुंकीत सापडलेला जिवाणू आजाराचं कारण असेलच असं नाही, आणि ते ठरवणं वैद्यकीय निर्णय आहे. लॅबच्या कागदावरून कोडरने निदान करायचं नसतं. डॉक्टरांना लेखी विचारायचं. विचारण्याचीही एक रीत आहे. 'सर, हा क्लेब्सिएलाचाच न्यूमोनिया ना? तसं लिहून द्या' हे चुकीचं, कारण त्यात उत्तर आधीच कोंबलेलं आहे. 'कल्चरमध्ये क्लेब्सिएला आढळला आहे. न्यूमोनियाच्या कारणाबद्दल आपलं मत कृपया नोंदवावं' हे बरोबर. ज्या कोडला जास्त पैसे मिळतात त्याच दिशेने प्रश्न वळवला तर ती फसवणूक ठरते, मग हेतू काहीही असो.

डॉक्टरांनी 'क्लेब्सिएलामुळे न्यूमोनिया' असं लिहून सही केली, तर अंतिम उत्तर असं: मुख्य जे१५.०, सोबत ई११.२ †, एन०८.३ *, आय१०, आय२५.२. मधुमेह आणि मूत्रपिंडाचा संबंध इथे डॉक्टरांनी 'डायबेटिक' या एका शब्दात लिहून दिला होता. नुसतं 'मधुमेह, किडनीचा त्रास' असं सुटं लिहिलं असतं तर संबंध आपल्या मनाने जोडायचा नव्हता. अमेरिकी नियमांत काही जोड्यांचा संबंध गृहीत धरायला परवानगी आहे. म्हणूनच आधी नियम कुठले ते विचारा म्हटलं.

इजा आणि औषधं

इजेच्या फाइलला दोन प्रश्नांची उत्तरं लागतात: काय मोडलं आणि कसं मोडलं. एस७२.० सांगतो की मांडीच्या हाडाची मान मोडली. डब्ल्यू१० सांगतो की जिन्यावरून पडून. 'पडल्याने' एवढंच लिहिलं असेल तर डब्ल्यू१९, म्हणजे पडण्याचा प्रकार माहीत नाही. जिने, निसरड्या फरश्या, पलंग यांतलं नेमकं काय माणसांना पाडतंय हे त्या एका शब्दावरून कळतं, आणि तो शब्द अपघात विभागातल्या पहिल्या नोंदीतच लिहिला गेला नाही तर नंतर कुणाला आठवत नाही. परिचारिकांनी घेतलेली पहिली हकिगत इथे सोन्याच्या मोलाची असते.

औषधांचा फरक नीट समजून घ्या. योग्य औषध योग्य मात्रेत दिलं आणि तरी पुरळ आलं, तर तो दुष्परिणाम: पुरळाचा कोड आणि सोबत वाय४० ते वाय५९ मधला योग्य कोड. चुकीचं औषध किंवा चुकीची मात्रा पोटात गेली तर ती विषबाधा: टी३६ ते टी५० आणि सोबत ते अपघाताने झालं की जाणूनबुजून हे सांगणारा कोड.

मृत्यूचा दाखला

या कामातला सर्वांत जबाबदारीचा भाग हाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या दाखल्याच्या नमुन्यात पहिल्या भागात घटनांची साखळी लिहायची असते: वरच्या ओळीत थेट कारण, त्याखाली ते कशामुळे, त्याखाली ते कशामुळे. दुसऱ्या भागात मृत्यूला हातभार लावणारे पण साखळीत न बसणारे आजार. आकडेवारीत मोजलं जातं ते मूळ कारण, म्हणजे जिथून साखळी सुरू झाली तो आजार किंवा इजेच्या बाबतीत ती इजा ज्या घटनेने झाली ती घटना.

'पोटाच्या आवरणाचा दाह, आतड्याला छिद्र पडल्यामुळे, टायफॉइडमुळे' अशी साखळी असेल तर मूळ कारण टायफॉइड, ए०१.०. 'फुप्फुसात रक्ताची गुठळी, मांडीच्या हाडाच्या मानेच्या फ्रॅक्चरमुळे, जिन्यावरून पडल्यामुळे' असेल तर मूळ कारण जिन्यावरून पडणं, डब्ल्यू१०. गुठळीच लिहून थांबलं असतं तर हा मृत्यू टाळता येण्याजोग्या पडण्यात कधीच मोजला गेला नसता.

म्हणून 'हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू' ही ओळ एकटी लिहू नये. मरताना प्रत्येकाचं हृदय बंद पडतं. ती मरण्याची रीत झाली, कारण नव्हे. नुसतं 'सेप्सिस', नुसतं 'हृदय निकामी', नुसतं 'वार्धक्य' यांनीही फार काही हाती लागत नाही. तरुण डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे: दाखला भरताना दोन मिनिटं थांबा आणि खालची ओळ लिहून झाल्यावर स्वतःला विचारा, 'हे कशामुळे झालं?' उत्तर माहीत असेल तर आणखी एक ओळ खाली लिहा. एखाद्या समाजात माणसं कशाने मरतात याची माहिती याच ओळींतून गोळा होते.

आयसीडीच्या शेजारची वर्गीकरणं

सगळं आयसीडीत बसत नाही. कर्करोगाच्या नोंदवह्यांत आयसीडी-ओ वापरतात. त्यात गाठ कुठे आहे याचा एक कोड आणि पेशी कशा दिसतात याचा दुसरा, ज्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन वर्तणूक लिहितात: /० म्हणजे साधी, /२ म्हणजे जागच्या जागी, /३ म्हणजे घातक. रुग्णाला चालता येतं का, काम करता येतं का, यासाठी २००१ मध्ये मंजूर झालेलं आयसीएफ आहे. मानसोपचारात निदानाचे निकष अनेकदा डीएसएम-५ या अमेरिकी निदान-पुस्तिकेतून घेतात, पण तिथेही अहवालासाठी आयसीडीचाच कोड लागतो. स्नोमेड सीटी ही वेगळ्या जातीची गोष्ट: डॉक्टर लिहितात ते बारीकसारीक शब्द संगणकाला कळावेत म्हणून केलेला मोठा शब्दसंग्रह. लिहिताना तो, मोजताना आयसीडी, अशी कामाची वाटणी समजा.

अकराव्या आवृत्तीकडे जाताना

अकरावी आवृत्ती पहिल्यापासून संगणकासाठी बांधली आहे. जाड पुस्तकाऐवजी ऑनलाइन शोधसाधन असतं, त्यात रोजच्या वापरातला शब्द टाकला तरी योग्य जागा सापडते. कोडचा चेहरा बदलला: टाइप २ मधुमेह ५ए११, न्यूमोनिया सीए४०. दुसरी जागा नेहमी अक्षराची असते, आणि शून्य व एक यांच्याशी गोंधळ होऊ नये म्हणून ओ आणि आय ही अक्षरं कोडमध्ये वापरतच नाहीत. दहावीतल्या .८ आणि .९ ची जागा बहुतेक ठिकाणी शेवटच्या वाय आणि झेड यांनी घेतली.

खरा बदल जोडणीत आहे. दोन आजार एकत्र सांगायचे तर कोडांमध्ये तिरकी रेघ येते. डावी-उजवी बाजू, तीव्रता, जिवाणूचं नाव असा तपशील जोडायचा तर अँपरसँडचं चिन्ह & आणि एक्सने सुरू होणारा कोड. मधुमेह आणि दीर्घकालीन मूत्रपिंडविकार यांची जोडी ५ए११/जीबी६१ ने सुरू होते आणि पुढे टप्पा लिहिला जातो. म्हणजे नोंदीत तपशील असेल तर तो सांगायला आता जागा आहे. टप्पा, बाजू, जिवाणू हे डॉक्टरांनी लिहिलेलंच नसेल तर नवी आवृत्तीही जुन्याइतकीच मुकी राहील.

जुन्या आणि नव्या कोडांची तुलना करायला जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते मिळतात, पण एका कोडला एकच कोड असा सरळ हिशेब प्रत्येक वेळी लागत नाही. काही आजारांनी तर घरच बदललं. पक्षाघाताचा झटका दहावीत रक्ताभिसरणाच्या प्रकरणात होता, आय६० पासून पुढे. अकरावीत तो मज्जासंस्थेच्या प्रकरणात गेला. ज्या वर्षी एखादी संस्था आवृत्ती बदलेल त्या वर्षी तिच्या तक्त्यात रक्ताभिसरणाचे आजार एकदम घटलेले आणि मज्जासंस्थेचे वाढलेले दिसतील, आणि वॉर्डात मात्र काहीही बदललेलं नसेल. म्हणून प्रत्येक अहवालावर, प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर, कोड कुठल्या आवृत्तीचे आहेत ते लिहा, आणि बदलाच्या काळात काही फायली दोन्ही आवृत्त्यांत कोड करून फरक किती पडतो ते तपासून ठेवा.